नभोवाणीवरचे ते स्वगत आणि ‘रडगाणे’ हा शिक्का

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात नभोवाणीवरील ‘रडगाण्या’विषयी तक्रार करणारे एक पत्र प्रसिद्ध झाले. आमच्या भागात ऐकू येणाऱ्या एका सामुदायिक नभोवाणी केंद्रावरून रात्री साडेनऊ वाजता सादर झालेल्या एका स्वगतावर ते पत्र बेतलेले आहे. वक्त्याने कथा वाचण्याचे जाहीर करून कथा वाचलीच नाही, कोणतीही तयारी न करता मनात येईल ते तो बोलत राहिला आणि घरातली गाऱ्हाणी चव्हाट्यावर मांडून त्याने श्रोत्यांचा पाऊण तास वाया घालवला, असे पत्रलेखकांचे म्हणणे आहे. मी तो कार्यक्रम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला असल्यामुळे प्रथम एक दुरुस्ती सुचवतो. तो पाऊण तास नव्हता, अर्धाच तास होता. कंटाळलेल्या माणसाला अर्धा तास पाऊण तासाएवढा वाटू शकतो, हे मला मान्य आहे. छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्यामुळे त्याचा अनुभव मी फळ्याच्या बाजूने घेतला आहे.

ज्यांनी कार्यक्रम ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. वक्ता आमच्याच पट्ट्यातला, चाळिशीतला, कथा लिहिणारा आणि घरची कोरडवाहू शेती सांभाळणारा गृहस्थ आहे. सूत्रसंचालिकेने त्याचा परिचय करून दिल्यावर काही क्षण गेले आणि तो म्हणाला, “मंडळी, माझ्या हातात कागद हाय, पण त्याच्यावर एकच ओळ हाय, आन् तीबी खोडलेली. अकरा महिने झाले, काही सुचंना गेलंय.” त्यानंतर त्याने कथा का झाली नाही ते सांगायला सुरुवात केली, आणि ते सांगणे म्हणजेच त्या रात्रीचा कार्यक्रम ठरला.

त्याने सांगितलेल्या गोष्टींत आपल्यापैकी कोणालाही नवीन असे काही नव्हते. त्या दिवशी नळाचा दिवस होता, म्हणून तो पहाटे चारला उठून लिहायला बसला. पाणी साडेचारला आले आणि त्याच वेळी लाईट गेली, त्यामुळे मोटार बंद. मग तोटीला लावलेल्या पाइपातून करंगळीएवढी धार धरून हौद भरेपर्यंत सात वाजले. नंतर आईला घेऊन तो बँकेत गेला. तिथे यंत्रावर आईचा अंगठा उमटेना. उजवा झाला, डावा झाला, बोटे पुसून झाली, ओल्या फडक्याने चोळून झाली, आणि शेवटी समोरच्या कर्मचाऱ्याने “उद्या या” असे सांगितले. परतताना शेतात उतरून ई-पीक पाहणीचा फोटो चढवायचा होता. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतःच करण्याची ही सोय राज्यात ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आहे. फोटो शेतातच उभे राहून काढावा लागतो आणि आमच्याकडे शेतात उभे राहिले की मोबाइलला रेंज नसते. तो बांधावरून लिंबाखाली, लिंबाखालून विहिरीच्या काठावर असा हिंडत राहिला, आणि पडद्यावरचे ते फिरणारे चाक पाहता पाहता आपणही त्या चाकासारखेच कधीचे जागच्या जागी फिरत आहोत, असे त्याच्या मनात आले. दुपारी अडीचला तो कागदापुढे बसला. “म्हातारी उंबऱ्यावर बसली होती” एवढे एक वाक्य त्याने लिहिले आणि खोडले. हेच वाक्य आपण अकरा महिने लिहितो आणि खोडतो, ती म्हातारी उंबऱ्यावर का बसली आहे हे आपल्याला कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय तिला उठवताही येत नाही, असे तो म्हणाला.

इथवर ऐकून पत्रलेखकांनी ‘रडगाणे’ हा शिक्का मारला असेल, तर त्यांना फारसा दोष देता येणार नाही. पण त्यापुढे जे घडले त्याचा त्यांच्या पत्रात उल्लेखही नाही. विहीर, रेंज, शेजाऱ्याची बैलजोडी असे बरेच फिरून आल्यावर वक्ता पुन्हा आईच्या अंगठ्याकडे वळला. अंगठा का उमटत नाही, हे त्याला रस्त्यात आईनेच सांगितले होते. जन्मभर कापूस वेचला, ज्वारी काढली, भांडी राखेने घासली, अंगण शेणाने सारवले. रेषा राहतील कशा? घरी आल्यावर आई आत गेली नाही, बाहेरच टेकली, आणि हाताकडे बघत बसली. “ती बसली व्हती…” एवढे बोलून तो थांबला. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण दहा-बारा सेकंद रेडिओवर काहीच नव्हते. माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, “गेली का लाईट?” नंतर तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “हां. म्हणजे असं हाय व्हय.” आणि विषय बदलून डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, जळाल्याची हकिगत सांगू लागला. आपल्याला कथा सापडली, असे त्याने कुठेही सांगितले नाही. ती पुढे त्याने लिहिली की नाही, हे मला ठाऊक नाही आणि या पत्रापुरते ते महत्त्वाचेही नाही.

आता ‘तयारी न करता बोलला’ या आक्षेपाविषयी. मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याच मुद्द्यावर. नोकरीत असताना मला आकाशवाणीवर काही भाषणे देण्याची संधी मिळाली होती. तिथली शिस्त निराळी आणि तिच्या जागी योग्यच असते. भाषण आधी लिहून द्यावे लागे, ते तपासले जाई, दहा मिनिटांसाठी साधारण अकराशे-बाराशे शब्द हा हिशेब डोक्यात ठेवावा लागे, आणि पान उलटताना खसखस होऊ नये म्हणून कागदांची टाचणी काढून एकेक पान हलकेच बाजूला सरकवावे लागे. लाल दिवा लागला की घसा कोरडा पडे, पण समोर कागद असल्यामुळे बुडण्याची भीती नसे. कागदाशिवाय त्याच दिव्याखाली तीस मिनिटे बसणे काय असते, याची कल्पना ज्यांनी ते केलेले नाही त्यांना येणार नाही. किर्तनकाराला निदान पूर्वरंगासाठी अभंग असतो, आख्यान पाठ असते, मागे टाळकरी असतात आणि समोर माना डोलावणारे श्रोते असतात. ध्वनिमुद्रण कक्षात यांतले काहीच नसते, समोर काच तेवढी असते.

शास्त्रीय संगीतात यासाठी ‘उपज’ हा फार नेमका शब्द आहे. बंदिश ठरलेली असते, राग ठरलेला असतो, आणि त्या क्षणी गळ्यातून जे निघते ते ठरलेले नसते. पण ज्याने वर्षानुवर्षे राग घोटलेला नाही त्याला उपज सुचत नाही, नुसती तारांबळ होते. वक्त्याजवळ त्या रात्री लिहिलेले काही नव्हते, हे खरे असले तरी त्याच्या पाठीशी वीस वर्षांचे ऐकणे, पाहणे आणि लिहिणे होते. ‘उंबऱ्यावर बसलेली म्हातारी’ त्याने तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सहज टाकली आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास ती परत आणली. हे आधी योजलेले होते की बोलता बोलता घडले, हे मला सांगता येत नाही. योजलेले असल्यास तो उत्तम कारागीर आहे, आणि घडलेले असल्यास त्याहून काहीतरी अधिक आहे.

पत्रलेखक व्यासंगी दिसतात, म्हणून ते मला समर्थ रामदासांचा दाखला देतील याची मला जाणीव आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकात समर्थांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार सांगितले आहेत, आणि मनाला येईल ते बळेच रचून मोकळे होणाऱ्या धीट कवित्वाला त्यांनी मान दिलेला नाही. समर्थांचे जन्मगाव जांब हे आमच्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले, तेव्हा त्यांचे म्हणणे आम्हांला टाळता येणार नाही. पण इथे बळेच काही रचले गेले, असे मला दिसत नाही. उलट अकरा महिने हा मनुष्य बळेच रचायला नकार देत आला आहे. त्याने मनात आणले असते तर जुनीच एखादी कथा चार नावे बदलून त्या रात्री वाचता आली असती, श्रोत्यांनी ती गोड मानून घेतली असती आणि वाचकपत्रांत तक्रारही आली नसती. समर्थांचे प्रासादिक कवित्व भक्ती आणि वैराग्यातून येते. ते या स्वगताला लावण्याइतका मी उतावळा नाही. मात्र ‘धीट’ हा शिक्का इथे बसत नाही, एवढेच नम्रपणे सुचवतो.

अशा प्रकारच्या कार्यक्रमाला परंपरा नाही, असेही कोणी म्हणेल. माझ्या मुलाने मोबाइलवर मला काही जुने अमेरिकी कार्यक्रम ऐकवले होते. त्यांतले सगळे मला समजले असा माझा दावा नाही. तिथे जीन शेफर्ड नावाचे एक निवेदक होते. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर या केंद्रावरून १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७७ पर्यंत ते रात्री संहितेशिवाय बोलत असत. बालपण, सैन्यातले दिवस, शेजारी, बिघडलेली वाहने असले त्यांचे विषय असत. केंद्रचालकांना हा माणूस व्यवसायाच्या दृष्टीने निरुपयोगी वाटू लागला, तेव्हा १९५६ मध्ये शेफर्ड यांनी स्वीटहार्ट नावाच्या साबणाची जाहिरात, त्या कंपनीने एक छदामही दिलेला नसताना, आपल्या कार्यक्रमात करून टाकली. केंद्राने त्यांना काढले, श्रोत्यांनी ओरड केली, आणि शेवटी ती साबण कंपनीच जाहिरात द्यायला पुढे आली. दुसरे जो फ्रँक (१९३८–२०१८) हे मुळात शाळेत साहित्य शिकवणारे गृहस्थ. लिहिलेली स्वगते आणि नटांकडून करून घेतलेले उत्स्फूर्त संवाद यांतून ते आपले कार्यक्रम घडवत. त्यांच्यात आपले अपयश, आपली भीती आणि आपला कोतेपणा उघड बोलण्याचे धाडस होते. शिक्षक म्हणून मला त्यांच्याविषयी थोडी जास्त आपुलकी वाटते, हे लपवत नाही.

पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची खरे तर गरज नव्हती. मी हे पत्र गंगाखेडहून लिहितो आहे, आणि हे संत जनाबाईंचे गाव आहे. झाडलोट, दळण, कांडण, शेण्या वेचणे ही जनाबाईंच्या अभंगांची सामग्री आहे. देवाला हाक मारताना त्यांनी कामाचा शीण लपवला नाही, उलट त्या शिणातच देवाला जात्यापाशी आणून बसवले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी तर भवानीच्या भारुडात सासरच्या जाचाने वैतागलेल्या सुनेचे आख्खे गाऱ्हाणे रंगवले, आणि आजही ते ऐकताना मंडप हसतो व नंतर गप्प होतो. आणि आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर जे गात होत्या ते काय होते? माहेर दुरावल्याचे, सासू बोलल्याचे, भाऊ न आल्याचे, पाऊस न पडल्याचे ते सांगणे होते. जात्याचा दांडा फिरता ठेवून त्याच वेळी जोडलेले, स्वतःच्याच आयुष्याविषयीचे, आणि ऐकायला समोर बहुधा दुसरी दळणारी बाई तेवढी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रभरातून जमवल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी बाबासाहेबांविषयी गायिलेल्या ओव्याही आहेत. त्या ओव्यांना आज कोणी रडगाणे म्हणत नाही. मात्र जात्याची घरघर सुरू होती त्या काळी घरातल्या पुरुषांनी पांघरूण डोक्यावर ओढून काय म्हटले असेल, याचा मला अंदाज आहे. माझ्या आजोबांनी काय म्हटले होते ते मी ऐकले आहे, पण ते इथे लिहिण्यासारखे नाही.

रोजच्या त्रासाचा आणि लेखणी अडण्याचा जो संबंध वक्त्याने जोडला, त्यावर पत्रलेखकांनी उपहास केला आहे: ‘नळाला पाणी आले नाही म्हणून कथा झाली नाही, हे कारण विद्यार्थ्यानेही देऊ नये.’ वाक्य चटकदार आहे, पण वक्ता तसे म्हणाला नव्हता. त्याचे म्हणणे असे होते की, एकेक त्रास लहान असतो आणि निभतो. मात्र दिवसातून दहा वेळा थांबावे, विचारावे, परत जावे लागले की मनाला वाट पाहण्याचीच सवय लागते, आणि वाट पाहणारे मन कागदापुढे बसले तरी कोणीतरी आपल्याला आत बोलावील याचीच वाट पाहत राहते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा देशभरातून वार्ताहर आले. आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळासाठी पहाटे चारला उठण्याची बातमी होत नाही. ज्याची बातमी होत नाही ते कुठे सांगायचे, हा प्रश्न मला रास्त वाटतो. मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळावर बोलण्याची मुभा आहे, किंबहुना त्याच्याकडून तीच अपेक्षा असते. दुष्काळ नसलेल्या वर्षातल्या साध्या मंगळवारी त्याचे मन कसे असते, हे मात्र कोणी विचारत नाही.

तिसरा आक्षेप घरगुती गोष्टी चव्हाट्यावर आणण्याचा आहे आणि त्यात मला तथ्य दिसते. पत्नीशी झालेला खटका वक्त्याने तिच्या शब्दांसह सांगितला. तो विनोदी होता, मीही हसलो, पण तिला विचारून सांगितला होता का, हे कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडे रेडिओ पानपट्टीवर लागतो, पिठाच्या गिरणीत लागतो, आणि सकाळी त्या बाईला दळण घेऊन त्याच गिरणीत जावे लागते. स्वतःविषयी बोलणाऱ्याला स्वतःला उघडे करण्याचा अधिकार आहे, शेजारी उभ्या असलेल्याला नाही. बँकेतल्या कर्मचाऱ्याची त्याने केलेली नक्कलही मला रुचली नाही. ते यंत्र त्या कर्मचाऱ्याने बनवलेले नाही आणि ‘उद्या या’ असे म्हणण्यापलीकडे त्याच्या हाती बहुधा काही नसते. शेवटची सात-आठ मिनिटेही ढिली होती. डीपीच्या हकिगतीला शेंडा-बुडखा नव्हता, आणि ‘म्हणजे’ हा शब्द इतक्यांदा आला की मी मोजायला लागलो व चौतिसाव्याला सोडून दिले. उत्स्फूर्त बोलण्यात असे व्हायचेच. तरी पुढच्या वेळी काचेपलीकडच्या कोणीतरी पाच मिनिटे आधी बोट दाखवावे.

राहता राहिला श्रोत्यांचा वेळ. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले आणि त्यानंतर काही वर्षांनी सामुदायिक नभोवाणीची दारे उघडली. आधी शिक्षणसंस्थांपुरते असलेले परवाने २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळू लागले. शंभर वॅटची ही लहान केंद्रे, दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघाबाहेर जवळजवळ ऐकूही येत नाहीत. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत, अशी त्या धोरणाचीच अपेक्षा आहे. सिनेसंगीत आणि हवापाण्याची माहिती हातातल्या मोबाइलवर चोवीस तास मिळते. ‘सुचंना गेलंय’ हा शब्दप्रयोग, जो आमच्या घराघरांत बोलला जातो आणि शाळेत ज्याच्याखाली मी स्वतः कैक वर्षे लाल रेघ ओढली, तो निवेदकाच्या नव्हे तर लेखकाच्या तोंडून, कोणतीही सारवासारव न करता, मला त्या रात्री पहिल्यांदा रेडिओवर ऐकू आला. या कामासाठी महिन्यातून एक अर्धा तास फार होतो, असे मला वाटत नाही.

केंद्रचालकांना दोन गोष्टी सुचवून पत्र आवरतो. ‘कथावाचन’ असे जाहीर करून स्वगत सादर करू नये. पत्रलेखकांचा निम्मा राग त्या फसवणुकीतून आलेला आहे आणि तेवढा तो योग्य आहे. ‘स्वगत’ असेच जाहीर करावे, म्हणजे ज्यांना ऐकायचे नाही ते बटण फिरवतील. दुसरे, या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण केंद्राकडे असेल तर ते पुसू नये. दिवाळीच्या सुमारास त्याचे पुनःप्रसारण करण्याचा विचार असल्याचे कानावर आले आहे. तसे झाल्यास पत्नीशी झालेल्या खटक्याचा भाग तिला विचारून ठेवावा किंवा गाळावा, डीपीची हकिगत कापली तरी माझी हरकत नाही. पण मध्येच काही ऐकू येत नाही म्हणून यंत्रात बिघाड झाला असावा असे समजून ती दहा-बारा सेकंदे कोणी काढून टाकू नयेत, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक,
गंगाखेड, जि. परभणी